शस्त्र परवान्याची फाइल

वर्धा जिल्ह्यात कुणाला रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल बाळगायचे असेल तर त्याचा अर्ज सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. पाणीटंचाई, रोजगार हमी, अतिवृष्टीचे पंचनामे अशा असंख्य कामांत बुडालेला अधिकारी इथे जिल्हादंडाधिकारी म्हणून सही करतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांनी बिगर-प्रतिबंधित बोअरच्या (नळीच्या व्यासाच्या) हत्याराचा परवाना देण्याचा अधिकार त्याच्याकडे ठेवला आहे. शेजारच्या नागपूर शहरात हेच काम पोलीस आयुक्त करतात. तिथे चौकशी करणारे आणि ठरवणारे खाते एकच. वर्ध्यात पोलीस अहवाल देतात आणि निर्णय महसूलच्या इमारतीत होतो. अर्जदाराचे बहुतेक हेलपाटे या दोन इमारतींच्या मधले असतात.

अर्जाचा नमुना ए-१. आता तो राष्ट्रीय शस्त्र परवाना प्रणालीच्या संकेतस्थळावर भरायचा असतो, तरी कागदांचा गठ्ठा काही सुटत नाही. नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण आणि सगळ्यांत जवळचे पोलीस ठाणे. पूर्वी कधी शिक्षा झाली का? शांतता राखण्याचा जामीन लिहून घेतला गेला का? याआधी परवाना मागून नाकारला गेला का? कुठले हत्यार हवे, कशासाठी हवे, ते घरात कुठे ठेवणार? सोबत ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा. हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी नमुना एस-२ वर. शारीरिक आणि मानसिक तब्येतीचे वैद्यकीय प्रमाणपत्र एस-३ वर. हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला एस-१ वर. वय २१ पूर्ण हवे.

यातला एकही कागद मला अनावश्यक वाटत नाही. मनाने अस्थिर असलेल्या माणसाच्या हाती पिस्तूल जाऊ नये, लहान मुलांच्या घरात ते उघड्या कपाटात पडू नये, ही अपेक्षा रास्त आहे. दारूगोळा नीट ठेवला नाही तर काय होते हे या जिल्ह्याला कुणी सांगायची गरज नाही. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री लागलेल्या आगीचे हादरे आसपासच्या गावांनी अनुभवले आहेत. घरातले एक पिस्तूल आणि लष्कराचे कोठार यांची बरोबरी होत नाही हे खरे, पण साठवणुकीची हमी लेखी मागणाऱ्या सरकारला नावे ठेवायचे कारणही नाही.

अडचण सुरू होते ती अर्ज जमा झाल्यानंतर. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत त्याला आवक क्रमांक पडतो आणि तो पोलीस अधीक्षकांकडे रवाना होतो. तिथून उपविभागीय पोलीस अधिकारी, तिथून ठाणे, ठाण्यातून बीट अंमलदार. अंमलदार अर्जदाराचा जबाब घेतो, शेजाऱ्यांना विचारतो, गावात पोलीस पाटलाला विचारतो, ठाण्याचे गुन्हे रजिस्टर पाहतो. मग अहवाल त्याच पायऱ्यांनी वर चढतो. प्रत्येक पायरीवर एक टेबल, प्रत्येक टेबलावर एक शेरा. एखाद्या टेबलावर कागद कमी भरला की फाइल ‘त्रुटी’ म्हणून उलटी फिरते आणि त्रुटी दूर झाली की तिचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मधल्या काळात अंमलदाराची बदली झाली, गणपती-दुर्गोत्सवाचा बंदोबस्त लागला, निवडणूक आली, की फाइल जिथे असेल तिथेच राहते.

नियमांत यासाठी मुदती आहेत. ठाण्याने ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि तो हाती आल्यापासून ६० दिवसांत परवाना प्राधिकाऱ्याने होय किंवा नाही सांगावे, असे २०१६ च्या नियमांना अपेक्षित आहे. म्हणजे सगळे धरून तीन महिने. परवान्यासाठी धडपडलेल्या कुणालाही विचारा, जिल्हा कुठलाही असो, तीन महिन्यांत निकाल लागला असे सांगणारा क्वचित भेटेल. बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द असतो, ‘प्रलंबित’.

या शब्दापाशीच मला थांबायचे आहे. भारतात हत्याराचे नियम कडक आहेत याबद्दल माझी तक्रार नाही. ते कडकच हवेत. पण कडक नियम आणि निकाल न लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे दुसरी गोष्ट पहिलीच्या नावावर खपते. साहेबांनी नकार दिला तर लेखी द्यावा लागतो, त्याची कारणे नोंदवावी लागतात, त्यावर अपील होते. होकार दिला आणि उद्या त्या हत्याराने काही विपरीत घडले तर सही कुणाची, हा प्रश्न येतो. फाइल पडून राहिली तर यातले काहीच होत नाही. त्यामुळे न ठरवणे हाच सगळ्यांत सुरक्षित मार्ग होऊन बसतो. तो अधिकाऱ्याला सुरक्षित असतो, समाजाला त्याने सुरक्षितता मिळत नाही.

कायद्याचे मूळ शब्द वाचले की हे जास्तच खटकते. अधिनियमाच्या कलम १३ ने हत्यारांत सरळ भेद केला आहे. आतून गुळगुळीत आणि २० इंचांपेक्षा आखूड नसलेल्या नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, अथवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर नागरिकाला परवाना ‘द्यावा’ असे कायदा म्हणतो. अर्थात कलम १४ मधली नकाराची कारणे आड येत नसतील तर. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी दार अरुंद आहे. तिथे अर्जदाराला सबळ कारण असल्याचे प्राधिकाऱ्याला पटावे लागते. हा भेद शहाणपणाचा आहे. लांब नळीची बंदूक लपवून बाजारात नेता येत नाही, पिस्तूल शर्टाखाली मावते.

सबळ कारण कशाला म्हणायचे, यावर सगळा खेळ आहे. २०१६ चे नियम धंदा, व्यवसाय, नोकरी यांच्या स्वरूपामुळे जीविताचे किंवा मालमत्तेचे रक्षण करण्याची खरी गरज असलेल्यांचा उल्लेख करतात. हिंगणघाटच्या कापूस बाजारात हंगामात रोकड घेऊन ये-जा करणारा व्यापारी या व्याख्येत बसावा. पण ठाण्याच्या अहवालात ‘अर्जदाराच्या जीवितास सद्यःस्थितीत धोका दिसून येत नाही’ एवढे एक वाक्य आले की त्याची गरज पुसली जाते. धोका दाखवायचा तर धमकीची तक्रार हवी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद हवी. म्हणजे ज्याला आधी कुणी लुटायचा प्रयत्न केला त्याचे प्रकरण भक्कम आणि जो आजवर वाचला त्याचे कच्चे. उलट बाजूने, खोटी तक्रार नोंदवून धोका तयार करणाऱ्याला हीच पद्धत सोयीची पडते. मोजायची गोष्ट एक आहे आणि मोजली जाते दुसरीच.

परवाना हातात आला की काय मिळते हेही पाहू. ९ मि.मी. सारखे लष्कर-पोलिसांच्या काडतुसांचे बोअर ‘प्रतिबंधित’ वर्गात येतात आणि त्यांचा विषय थेट केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. सामान्य माणसासाठी उरते ते मुख्यतः .३२. परदेशी हत्यारांची नागरिकांसाठीची आयात १९८० च्या दशकापासून बंद असल्याने निवड थोडी आणि किंमत जबर. कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे हलके .३२ रिव्हॉल्व्हर काढले, त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. एकट्यादुकट्या फिरणाऱ्या, कमी पगाराच्या बाईला ते कसे परवडावे? काडतुसे किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची हे परवान्यावरच लिहिलेले असते आणि दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद त्यावर करतो. हे ठीकच आहे.

आता थोडे मागे जाऊ, कारण या परवान्याच्या इतिहासाचा एक धागा वर्ध्यातून गेला आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातली हत्यारे काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या काळात, हत्यारांचा कायदा झाला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. हिंदी माणसाला परवाना बंधनकारक, युरोपियनांना सूट. हा अपमान काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून बोलून दाखवला जात होता. आणि जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी ‘यंग इंडिया’त सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत दारूबंदी, मिठाचा कर, शेतसारा यांच्या बरोबरीने एक मागणी होती ती स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देण्याची, मात्र लोकांच्या नियंत्रणाखाली. अहिंसेच्या पुजाऱ्याने ही मागणी का करावी, असा प्रश्न पडतो. त्यांच्या दृष्टीने सक्तीने निःशस्त्र केलेल्या माणसाची अहिंसा ही अहिंसा नव्हती; हाताशी हत्यार असून ते न उगारण्यात तिचे मोल होते. त्यानंतर दांडीला निघालेले गांधीजी साबरमतीला राहायला परतले नाहीत. १९३४ मध्ये ते वर्ध्यात आले, मगनवाडीत राहिले आणि १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. ‘लोकांच्या नियंत्रणाखाली’ हे त्या मागणीतले शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. परवाना हवा, आणि परवाना देणारा लोकांना उत्तर देणारा हवा.

१९३१ च्या कराची अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. स्वतंत्र भारताच्या घटनेत मात्र तो आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी त्यासाठी दुरुस्ती मांडली होती. कामत निवडून आले होते मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, आणि वर्धा तेव्हा याच प्रांतात होते. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती मान्य केली नाही. असा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारालाही मागता येईल आणि राज्याला नियमन करता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. त्या उत्तराआधी जेमतेम दहा महिने, ३० जानेवारी १९४८ ला, ग्वाल्हेरहून मिळवलेल्या एका बेकायदा बेरेटा पिस्तुलाने गांधीजींचा खून झाला होता. आंबेडकरांचा निर्णय मला बरोबर वाटतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बेकायदा हत्यारांच्या प्रकरणात हेच सांगितले की अमेरिकेसारखा हत्याराचा मूलभूत हक्क आपल्या घटनेने दिलेला नाही.

पण हक्क नाही म्हणजे उत्तर मिळण्याचाही हक्क नाही, असे होत नाही. १९५९ चा कायदा आणताना सरकारने सांगितलेला उद्देशच असा होता की जुना कायदा देशाला निःशस्त्र करण्यासाठी होता. नव्या कायद्याने मात्र कायदा पाळणाऱ्या नागरिकाला स्वसंरक्षण, खेळ आणि पीकरक्षण यांसाठी हत्यार मिळणे सोपे करावे आणि गुन्हेगाराला अवघड. (त्यानंतर काही महिन्यांतच, मे १९६० मध्ये, वर्ध्याजवळच्या पवनारचे विनोबा भावे चंबळच्या खोऱ्यात होते आणि वीसेक डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. जिल्ह्याच्या या दुसऱ्या वारशाची आठवण इथे ठेवावीशी वाटते.)

या सगळ्यात जो माणूस कायद्याच्या शब्दाने सगळ्यांत पुढे असायला हवा, तो प्रत्यक्षात सगळ्यांत मागे आहे. तो म्हणजे शेतकरी.

वर्धा जिल्ह्यातले बोर अभयारण्य १९७० पासूनचे. २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले, जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचे, देशातल्या सगळ्यांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या भोवती सेलू आणि कारंजा (घाडगे) तालुक्यांतली गावे आहेत आणि पलीकडे नागपूर जिल्हा. वाघाच्या बातम्या होतात, पण शेतकऱ्याची झोप घालवतात ती रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगायी. सोयाबीनला शेंगा धरल्या की डुकरांचा कळप एका रात्रीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पीक उलथून टाकतो. हरभऱ्याच्या दिवसांत रोही. मग माणसे जागल करतात. मचाणावर बसून डबे वाजवतात, फटाके फोडतात, ज्यांना जमते ते झटका मशीनची तार लावतात.

अशा शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर कलम १३ त्याच्या बाजूने आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, हेही कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. १९५९ च्या खासदारांनी हे वाक्य घालताना गरीब शेतकऱ्याचाच विचार केला असणार. पण त्याच शेतकऱ्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चे कलम ३४ गाठते. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. ते कार्यालय नागपूरला. म्हणजे महसूल आणि पोलीस यांच्यात आधीच फिरणारी फाइल आता वन खात्याकडेही जाणार. ही अट ठासणीच्या बंदुकीला आहे तशीच अभयारण्याच्या कडेच्या गावातल्या दुकानदाराने मागितलेल्या .३२ रिव्हॉल्व्हरलाही आहे. आणि समजा एवढे सगळे होऊन बंदूक घरात आलीच, तरी तिने डुकरावर गोळी झाडता येत नाही. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला मारायचे तर वनाधिकाऱ्याची वेगळी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना एका कायद्याखाली, ती वापरण्याची मुभा दुसऱ्या कायद्याखाली.

वाघांच्या अधिवासालगत बंदुका वाढू नयेत, हे मला मान्य आहे. शिकारीची टोळी शेतकऱ्याच्या नावावरच्या बंदुकीआड लपू शकते. पण कायदेशीर वाट इतकी लांब असली की माणूस बेकायदा आणि जवळची वाट धरतो. विदर्भात ती वाट म्हणजे वरून जाणाऱ्या तारेवर आकडा टाकून कुंपणात थेट वीज सोडणे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रह्मपुरी भागातून आणून बोरमध्ये सोडलेली एक वाघीण कारंजा (घाडगे) तालुक्यात अशाच वीज सोडलेल्या कुंपणाला लागून मेली. तिने माणसे मारली होती आणि तिला मारायचा आदेश निघालेला होता, हा भाग वेगळा. पण अशा तारांना दरवर्षी माणसेही चिकटतात; कधी शेजारचा, कधी स्वतः शेतमालक. बंदूक कुणाच्या हाती आहे हे सरकारला माहीत असते, तिचा क्रमांक नोंदलेला असतो. कुंपणातल्या विजेचा ना क्रमांक, ना परवाना. जागलीला बसलेल्या शेतकऱ्याला वेळेत ‘नाही’ सांगितले असते आणि नाही म्हणताना नुकसानभरपाई, सौर कुंपण असा दुसरा मार्ग दाखवला असता, तरी ते पडून राहिलेल्या अर्जापेक्षा बरे झाले असते.

परवाना मिळालेल्यांची कसोटी निवडणुकीत लागते. २०२४ चे वर्ष घ्या. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, वर्ध्यात २६ एप्रिलला मतदान झाले, निकाल ४ जूनला. पुन्हा १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, २० नोव्हेंबरला मतदान. दोन्ही वेळा परवानाधारकाला ठाण्याचा निरोप येतो: हत्यार जमा करा. तो हत्यार आणि काडतुसे घेऊन जातो, मुद्देमाल पाहणारा हवालदार क्रमांक तपासतो, राउंड मोजतो, पावती लिहितो आणि पिस्तुलाला चिठ्ठी बांधून ते मालखान्यात इतर मुद्देमालाशेजारी ठेवतो. निकालानंतर परत आणायला पुन्हा अर्ज, पुन्हा फेरी. पावसाळी हवेत तेल न लावता महिनोन्महिने पडलेल्या हत्याराचे काय होते, ते हत्यार वापरणाऱ्यालाच कळते.

निवडणूक आयोगाची सूचना सरसकट जमा करा अशी नाही. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने एकेक परवाना पाहावा; जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सामील झालेले अशांची हत्यारे घ्यावीत, असे आयोग सांगतो. सरसकट जमा करण्याला न्यायालयांनीही वेळोवेळी हरकत घेतली आहे. पण एकेक नाव तपासायला वेळ लागतो आणि सगळ्यांना बोलावणे सोपे असते. ज्या व्यापाऱ्याला जीविताला धोका आहे म्हणून परवाना दिला, त्याचा धोका आचारसंहितेच्या काळात कुठे जातो? निवडणुकीत हत्यारे बाहेर नकोत, याबद्दल दुमत नाही. पण छाननी करायचे काम समितीचे आहे, ते टाळण्याचा भुर्दंड सगळ्यांवर बसू नये.

बँकेच्या दारात दुनळी बारा बोअर घेऊन उभा असलेला रखवालदार आपण सगळेच पाहतो. त्यांतले अनेक निवृत्त जवान असतात आणि पुष्कळदा बंदूक त्यांची स्वतःची असते. नोकरी त्या परवान्यावर टिकलेली. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, हा त्यांच्यासाठी खराच दिलासा. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवली आणि लग्नात-वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, हेही योग्यच. पण नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी द्यायचा असतो आणि तो वेळेत देऊनही निकाल वेळेत आला नाही तर रखवालदाराला घरी बसावे लागते. त्याच्या पगाराचा हिशेब कुठल्याच टेबलावर होत नाही.

वारसाचीही तीच गत. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवणे बेकायदा होते, ते ताबडतोब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. सुतकातल्या घराला हे माहीत नसते. वडिलांचे वय ७० झाले असेल किंवा त्यांनी २५ वर्षे परवाना बाळगला असेल तर ते हयात असतानाच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो, अशी सोय २०१६ च्या नियमांत आहे. ती फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या घरात आजोबांची बारा बोअर आहे त्यांनी हा नियम आजच वाचावा.

ढिलाई झाली की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये एका सरपंचाचा निर्घृण खून झाला आणि त्यानंतर जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे समोर आले. गुन्हे दाखल असलेल्यांच्या हातीही हत्यारे होती. मग धडाधड फेरतपासणी झाली आणि शंभरावर परवाने रद्द झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाचा खून झाला, त्यात वापरलेले पिस्तूल एका अंगरक्षकाचे होते आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला होता. केंद्राच्या २०१६ अखेरच्या आकडेवारीत उत्तर प्रदेशात १२ लाखांहून अधिक परवाने होते, महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. जम्मू-काश्मीरसारख्या कमी लोकसंख्येच्या प्रदेशात साडेतीन लाखांहून अधिक. त्या शेवटच्या आकड्याचे गूढ पुढे उकलले. २०१२ ते २०१६ या काळात तिथे पैसे घेऊन देशभरच्या लोकांना परवाने वाटल्याचे प्रकरण सीबीआयकडे गेले. असे परवाने पावणेतीन लाखांच्या घरात होते. नियम तिथेही तेच होते. नमुनेही तेच, शिक्केही तेच. कागद पूर्ण असणे आणि माणूस पात्र असणे यांचा संबंध अधिकारी डोळे उघडे ठेवून पाहतो तेव्हाच जुळतो. म्हणून आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला एक विशिष्ट क्रमांक लागतो आणि तो नसेल तर परवाना ग्राह्य धरत नाहीत. गेल्या काही वर्षांतली ही मला सगळ्यांत उपयोगी वाटणारी सुधारणा.

जग या प्रश्नाकडे वेगवेगळ्या तऱ्हेने पाहते. ब्रिटनमध्ये १३ मार्च १९९६ ला डनब्लेनच्या शाळेत १६ मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. पुढच्या वर्षी तिथे खासगी पिस्तुले जवळजवळ बंदच झाली. न्यूयॉर्क राज्यात १९११ पासून पिस्तुलाला परवाना आहे आणि ते जवळ बाळगून फिरायचे तर आपल्यासारखेच सबळ कारण दाखवावे लागे. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. मला ब्रिटनचे उदाहरण जास्त पटते, पण ज्या देशात पोलीस ठाणे मैलोन्मैल दूर असू शकते आणि डुक्कर रात्रीतून वर्षाचे पीक खाऊ शकते, तिथे पूर्ण बंदी चालणार नाही. स्विस संस्था ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’च्या अंदाजाने २०१७ मध्ये भारतात नागरिकांकडे ७ कोटींहून अधिक बंदुका होत्या आणि त्यांतल्या एक कोटीपेक्षा कमी नोंदलेल्या. अंदाज ढोबळ असला तरी त्यातून दिसते ते हे की आपला सगळा कडकपणा त्या छोट्या, नोंदलेल्या हिश्श्यावर खर्च होतो आहे. देशी कट्टा विकत घेणारा ए-१ भरत नाही.

वर्ध्यासारख्या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात हे सुधारणे अशक्य नाही. प्रत्येक अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस आहे हे अर्जदाराला संकेतस्थळावर दिसावे. ठाण्याचा अहवाल मुदतीत आला नाही तर जिल्हादंडाधिकाऱ्यांनी पोलीस अधीक्षकांना लेखी विचारावे. पीकरक्षणाच्या अर्जांना वेगळी नोंदवही असावी आणि अभयारण्यालगतच्या गावांसाठी महसूल, पोलीस, वन यांनी हंगामाआधी एकत्र बसून त्या अर्जांचा निकाल लावावा. निवडणुकीआधी छाननी समितीची यादी तयार असावी. यासाठी नवा कायदा लागत नाही.

ज्यांचे अर्ज आज पडून आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख स्वतःजवळ लिहून ठेवा. पोलीस अहवाल कुठल्या तारखेला मागवला आणि कुठल्या तारखेला आला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. त्या दोन तारखा हातात आल्या की विलंब कुठल्या इमारतीत झाला ते स्पष्ट होते. नकार आला तर कलम १४ प्रमाणे कारणांचे टिपण मागा. सार्वजनिक हिताचे कारण आड आले नाही तर ते द्यावेच लागते. नकाराचा आदेश मिळाल्यापासून अपिलाला ३० दिवस असतात. तोंडी ‘होणार नाही’ ऐकून परत फिरू नका, कारण तोंडी नकारावर अपील लागत नाही आणि लेखी आदेश हातात पडेपर्यंत ते ३० दिवस सुरूही होत नाहीत.